ब्रीसा म्हणजे नाही

"मायेस्त्रो, तुमचं ते गाणं तंबोल्याच्या आधी उरका हं! एकदा का आकडे सुरू झाले की प्रत्यक्ष देव जरी खाली उतरला तरी कुणी मान वर करायचं नाही."

इव्होन कढईपाशी उभी राहून ओरडत होती. तिच्या हातात झारा होता आणि कपाळावर घाम. ती फोस्सालुंगा गावाच्या जत्रा कमिटीची अध्यक्ष, त्यामुळे झाराही तिचाच आणि माइकही तिचाच. नेव्हियोने मान डोलावली आणि गिटारची खुंटी पिळली. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, तिला कागदी झेंडे लावलेले. खाली लांबच लांब टेबलं, टेबलांवर कागदाच्या पट्ट्या, निखाऱ्यावर भाजलेल्या वाम माशाचा वास आणि कालव्यावरून उठलेले डास. जुलैतल्या जत्रेत गाणाऱ्याने तोंड किती उघडायचं, हे इथे डासच ठरवतात.

"तुमचं ते गाणं." चाळीसहून अधिक वर्षं नेव्हियो बोनफात्तीने हे तीन शब्द ऐकले होते. लग्नाच्या हॉलमध्ये, जहाजाच्या डेकवर, सुपरमार्केटच्या उद्घाटनाला. आयुष्यात त्याने शंभराच्या घरात गाणी लिहिली असतील. पण लोकांच्या लेखी तो एका गाण्याचा मालक होता, आणि खरं सांगायचं तर मालकही नव्हता, गडी होता. गाणं पुढे चालायचं आणि हा त्याच्यामागे गिटार घेऊन.

"काय रे, असा का बसलायस? जेवलास का?" वाल्मेरने विचारलं. वाल्मेर अकॉर्डियनवाला. पोट एवढं मोठं की अकॉर्डियन मांडीवर न ठेवता पोटावरच ठेवायचा. दोघं तरुणपणापासून एकत्र. वाल्मेरच्या दोन बायका सोडून गेल्या, नेव्हियोची एक. पण या दोघांना एकमेकांना सोडून जायला कधी सवड मिळाली नव्हती.

"आज मी शेवटचा शब्द बदलणार आहे," नेव्हियो म्हणाला.

"कुठल्या गाण्याचा?"

"त्याच."

वाल्मेरने रुमालाने मान पुसली. मग रुमाल उलटा करून परत पुसली. "आज? इथे?"

"इथेच. दुसरीकडे कुणाला कळणार आहे?"

"आणि लोक चिडले म्हणजे? बायको नांदेल न नांदेल, पण ते गाणं आपल्याला आयुष्यभर जेवू घालतंय, एवढं लक्षात ठेव."

"चिडू देत. फेब्रुवारीत आई गेली. आता कुणासाठी लपवायचं?"

वाल्मेरने रुमाल खिशात कोंबला. त्याला सगळं ठाऊक होतं. जगात ठाऊक असलेला तो एकटाच.

नेव्हियो सात वर्षांचा असतानाची गोष्ट. बाप साखर कारखान्यात हंगामी कामगार. साखरेच्या बिटाचा हंगाम संपला की घरात चूल कमी आणि भांडणं जास्त. एका सकाळी तो बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत जायला निघाला. आई दारातूनच परतली, तिला धीर निघेना. मुलगा बंधाऱ्यापर्यंत गेला, जिथे बस थांबायची. बाप खाली वाकला, पोराच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाला, "आईला सांग, नाताळला येतो. तू मोठा आहेस, तुला खरं सांगतो. तोर्नो ब्रीसा." तोर्नो म्हणजे परत येतो. आणि ब्रीसा हा त्या भागातल्या बोलीचा शब्द, तो क्रियापदाच्या मागून येतो आणि आधीचं सगळं पुसून टाकतो. ब्रीसा म्हणजे नाही. परत येत नाही.

बस गेली. मुलगा घरी आला. "बाबा नाताळला येतो म्हणाले," त्याने सांगितलं. उरलेलं त्याने गिळलं. सात वर्षांच्या पोराने गिळलेली गोष्ट पोटात काही जिरत नाही, ती त्याच्याबरोबर मोठी होते.

नाताळ आले आणि गेले. पुढे कुणीतरी सांगत आलं की बेल्जियममधल्या लिएज शहरात बापाचं मासळीचं दुकान आहे आणि दुकानात एक बाई बसते. आईने सांगणाऱ्याला कॉफी पाजली आणि विषय बदलला. जेवायच्या टेबलावर तिसरी थाळी मांडायची तिने काही सोडली नाही.

नेव्हियो गिटार शिकला तो थोडाफार याच कारणासाठी. तोंडाने जे सांगता येत नव्हतं ते सुरात घालून सांगावं, असं त्याच्या मनात होतं. सव्विसाव्या वर्षी त्याने ते गाणं लिहिलं. बाप मुलाचं बटण लावतो, बस येते, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तोच निरोप: तोर्नो, तोर्नो... ब्रीसा. बाकी सगळं गाणं शुद्ध भाषेत, तो एकच शब्द गावचा. त्याला वाटलं, आई रेडिओवर ऐकेल. समोर बसून सांगायला लागणार नाही. ती रडेल, मग रात्री ती तिसरी थाळी उचलून ठेवेल आणि दोघंजण नीट जेवतील.

गाणं घेऊन तो मिलानला गेला. रेकॉर्ड कंपनीचे साहेब काचेच्या पलीकडे बसले होते, सिगारेट ओढत. त्यांनी गाणं ऐकलं, खूश झाले, आणि मग म्हणाले, "शेवटी काय म्हणतोस ते? ब्रीसा? हे काय असतं?"

"साहेब, आमच्याकडे ब्रीसा म्हणजे नाही."

"तुमच्याकडे असेल. रोममध्ये कुणाला कळणार? आणि 'नाही' कोण विकत घेतं रे? फुकटचं 'नाही' ऐकायचं असेल तर लोक बँकेत जातात." साहेबांनी सिगारेट विझवली आणि त्यांचे डोळे चमकले. "ब्रेद्झा म्हण. ब्रेद्झा! समुद्रावरची झुळूक. 'परत येतो, झुळके, परत येतो.' चाल तीच, फक्त जरा पाय उचलून. जूनमध्ये बाजारात आणतो."

नेव्हियो म्हणाला, गाणं बापाचं आहे. साहेब म्हणाले, बापाला समुद्र आवडत नाही का? खोलीतले सगळे हसले. नेव्हियोच्या खिशात परतीच्या गाडीचं तिकीट होतं. त्याने ते चाचपलं आणि काचेसमोर उभा राहून ब्रेद्झा म्हणाला. चार वेळा म्हणाला, कारण पहिल्या तीन वेळा साहेबांना त्यात पुरेसा आनंद ऐकू आला नाही.

त्या उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या एकेका बारमधून तेच गाणं वाजत होतं. रेताड पायांची पोरं त्याच्यावर नाचली. बेल्जियममध्ये, जर्मनीत, जिथे जिथे इथली माणसं पोटासाठी गेली होती तिथे तिथे ते पोचलं, आणि रविवारी दारू पिऊन ती सगळी एकमेकांच्या गळ्यात पडून ओरडायची, परत येतो, परत येतो. नेव्हियो टीव्हीवर दिसला. पांढरा सूट घातला होता, बटणं उघडी.

सूट घालूनच तो आईला भेटायला आला. निदान आता तरी सांगून टाकावं, गाण्यात खरा शब्द वेगळा होता म्हणावं, असं ठरवून आला होता. आई अंगणात शेंगा सोलत बसली होती, शेजारी रेडिओ. त्याला पाहून ती उठली नाही, नुसती हसली. तिला असं हसताना त्याने फारसं पाहिलेलं नव्हतं.

"म्हणजे तुलाही वाटतं तर, तो येईल म्हणून," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी एकटीच खुळी."

नेव्हियो खाली बसला आणि तिच्यासोबत शेंगा सोलू लागला.

त्यानंतरचं आयुष्य चार ओळींत मावेल एवढंच. दुसरी रेकॉर्ड चालली नाही. तिसरी साहेबांनी काढलीच नाही. टीव्हीवाल्यांना दुसरे पांढरे सूट मिळाले. मग जहाजं, हॉटेलं, नाचाचे हॉल, 'आठवणीतल्या सुरांची रात्र' असल्या नावाचे कार्यक्रम, आणि मग जत्रा. वामेची जत्रा, भोपळ्याची जत्रा, बेडकांची जत्रा. सगळीकडे तेच गाणं. आधी आधी म्हणताना आत काहीतरी तुटायचं, नंतर तेही अंगवळणी पडलं, आणि शेवटी शेवटी तर तो नुसत्या पाट्या टाकत होता. त्याचा आवाज थकला, तो थकला, पण झुळूक काही थकेना. आसपासच्या कुठल्याही गावात कार्यक्रम असला की आई पहिल्या रांगेत, घरून आणलेल्या वेताच्या खुर्चीवर. शेवटच्या शब्दाला ती टाळी वाजवायची, थोडी आधीच.

"आणि तिला सगळं ठाऊक नसेल कशावरून?" वाल्मेरने एकदा गाडी चालवताना विचारलं होतं.

"ठाऊक असतं तर एवढी वर्षं थाळी कशाला मांडली असती?"

वाल्मेरने गिअर बदलला होता.

"सुरू करा!" इव्होनने झारा हवेत फिरवला.

नेव्हियोने आधी दोन नवी गाणी म्हटली. नवी म्हणजे दहा वर्षांपूर्वीची. काटेचमचे वाजत राहिले, एक पोर भोकाड पसरून रडलं, कुणीतरी मीठ मागितलं. दुसरं गाणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या, पण त्या बहुधा आईसक्रीम आल्याच्या होत्या. त्याला वाईट वाटलं नाही. त्याचं सगळं लक्ष तिसऱ्यात होतं. वाल्मेरशी ठरलं होतं: शेवटच्या शब्दाच्या आधी अकॉर्डियन थांबवायचा. शब्द एकटा उभा राहिला पाहिजे. पुढे काय होईल, हेही नेव्हियोने कित्येकदा मनात पाहून ठेवलं होतं. गाव एकदम शांत होईल. हा गावचा शब्द, घराघरात पोरांवर ओरडताना वापरलेला. एकेकाच्या चेहऱ्यावर अर्थ उतरत जाईल. कुणीतरी म्हणेल, अरे देवा, म्हणजे इतकी वर्षं हा 'येत नाही' म्हणत होता.

त्याने पहिला सूर छेडला आणि गाव उठलं. माना वळल्या, फोन वर झाले, बाया एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून डोलायला लागल्या. कढईवरच्या पोरीसुद्धा पुढे आल्या. नेव्हियोने कडवं म्हटलं. बटण. बंधारा. बस. आज बऱ्याच वर्षांनी त्याला ती बस दिसली, हिरवी, मागे शिडी असलेली. आवाज मात्र फाटला नाही.

"तोर्नो, तोर्नो..."

अकॉर्डियन थांबला.

"...ब्रीसा."

शब्द माइकमधून गेला, टेबलांवरून गेला, पार कालव्यापर्यंत गेला. शांतता झाली, तीही अगदी क्षणभर. मग पहिल्या रांगेतली एक बाई नवऱ्याच्या कानाशी लागली, आणि इव्होन मायेने भरलेल्या आवाजात ओरडली, "ब्रेद्झा, मायेस्त्रो! ब्रेद्झा!"

लोक हसले. कुचकटपणे नव्हे. आपल्याच घरातलं म्हातारं माणूस चुकतं तेव्हा हसतात तसे.

नेव्हियोने दुसरं कडवं धरलं. वाल्मेर त्याच्याकडे बघत होता, नेव्हियो मात्र तिकडे बघायचं टाळत होता. या वेळी त्याने आवाज चढवला. होता नव्हता तेवढा सगळा लावला. "तोर्नो, तोर्नो..." आणि 'ब्रीसा'चा 'ब्री' तोंडातून निघतो न निघतो तोच साऱ्या टेबलांनी एकदम त्याच्या अंगावर उडी घेतली, "ब्रेद्झाऽऽ!" ती तयारीतच बसली होती. त्याला पडू द्यायचं नाही, असं त्यांनी जणू आपसांत ठरवलं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एखादं पोर कविता विसरतं आणि सगळे पालक मिळून त्याला पार करतात, तसा.

स्टेजला लागून दोघी मायलेकी उभ्या होत्या. मुलगी विशीतली.

"ब्रीसा म्हणजे काय गं?" मुलीने विचारलं.

"काही नाही. कवळी सैल झाली असेल बिचाऱ्याची."

नेव्हियोने ते ऐकलं. आणि मग त्याने पहिल्यांदाच नीट समोर पाहिलं. त्या मुलीची आई पन्नाशीची असेल. त्या वयाच्या माणसांना शाळेत बोली बोलल्याबद्दल मार बसला होता, आणि त्यांच्या मुलांना ती येतच नव्हती, त्यामुळे त्यांच्यावर मार खायचीही वेळ आली नव्हती. तो शब्द ज्यांच्या तोंडी होता ती माणसं कुठे होती? बहुतेक दफनभूमीत. उरलेली वृद्धाश्रमात, आणि तिथे उन्हं असतानाच सूप देऊन झोपवतात. आपण निरोप घेऊन इतक्या उशिरा आलो की दार उघडायला घरात कुणीच नाही, हे त्याला तेव्हा कळलं. त्याच्या घरातलं तो शब्द समजणारं शेवटचं माणूस फेब्रुवारीत गेलं होतं. आणि तिच्यासाठीच तर त्याने तो इतकी वर्षं दाबून ठेवला होता.

तिसरं कडवं राहिलं होतं. नेव्हियोने हात वर केला. वाल्मेर थांबला.

"जरा ऐका," तो माइकमध्ये म्हणाला.

सगळे गप्प झाले. इतके गप्प की निखाऱ्यावर चरबी चुरचुरताना ऐकू येत होती. हीच ती शांतता, त्याला हवी होती ती. आता सांगायचं. बाप, बटण, बस. दोन वाक्यांचं काम.

"हा जो शब्द आहे..."

समोरचे चेहरे वर वळले होते. तो काय म्हणेल ते ऐकायला तयार होते, आणि काहीही म्हणाला तरी माफ करायलाही तयार होते. एका बाईने गालाला हात लावला होता. एक धिप्पाड गडी डोळे पुसत होता, त्याचा कुणीतरी कुठेतरी गेलेला असणार. या सगळ्यांना 'परत येतो' म्हणणारं कुणीतरी हवं होतं. त्याच्या आईसारखंच. तिला सांगवलं नाही ते यांना कसं सांगायचं? आणि का? केवळ आपलं ओझं हलकं व्हावं म्हणून?

"...हा शब्द मी विसरलो होतो," नेव्हियो म्हणाला. "वय झालं. आता तुम्हीच म्हणा."

त्याने माइक त्यांच्याकडे वळवला. वाल्मेरच्या तोंडून एक शिवी निघाली, पण अकॉर्डियनमधून सूरही निघाला, आणि मग साऱ्या गावाने शेवटचं कडवं म्हटलं, अगदी शेवटपर्यंत, झुळकेसकट. नेव्हियो तोंड मिटून उभा राहिला. त्याचे ओठ एकदा हलले, पण काय म्हणून हलले ते त्याच्याजवळ असलेल्या वाल्मेरलाही ऐकू आलं नाही.

टाळ्या थांबेनात. इव्होन झारा दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन धावत आली. तिचे डोळे भरले होते.

"मायेस्त्रो, अजिबात मनाला लावून घेऊ नका. माझ्या बाबांचं असंच झालं होतं. आधी शब्द जातात. आम्ही सगळे आहोत ना, आम्हाला पाठ आहे तुमचं गाणं. पुढच्या वर्षीही या. आम्ही म्हणू तुमच्याबरोबर."

"अहो, तो काही विसरला..." वाल्मेर तापून उठला. नेव्हियोने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि दाबला. वाल्मेर उगाचच अकॉर्डियनचा पट्टा सोडवत बसला.

"चांगलं म्हटलंत तुम्ही सगळ्यांनी," नेव्हियो इव्होनला म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगलं."

"चला, खाली चला. पहिला आकडा तुमच्याच हातून काढायचा. आणि वाम खाल्ल्याशिवाय जायचं नाही, आधीच सांगून ठेवते. अरे, कुणीतरी धरा रे त्यांना! पायऱ्या डगमगत्या आहेत."

दोन्हीकडून दोन तरुण मुली पुढे आल्या आणि त्यांनी त्याच्या कोपरांना धरलं. ट्रॉलीला लावलेली ती लाकडी शिडी तो संध्याकाळी गिटार आणि स्पीकर घेऊन एकटाच चढून आला होता. "सावकाश, आजोबा," एकजण म्हणाली. नेव्हियोने तिच्या हातावर थोडा भार टाकला, खालची पायरी चाचपल्यासारखी केली आणि एकेक पाय जपून ठेवत, पडायची भीती असलेल्या माणसासारखा, खाली उतरला.